कबड्डीच्या शिबिरात पोट्टं पारखताना

तालुक्याच्या कबड्डी शिबिरात साठ पोट्टे येतात, बारा घ्यायचे असतात आणि हातात दिवस तीन. पहिल्याच सकाळी मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रत्येक माणूस, चहाची किटली घेऊन आलेला धरून, अर्ध्या तासात आपले बारा मोजून दाखवतो. त्या बारांतल्या आठ-नऊ जणांना मिसरूड फुटलेलं असतं. गंमत म्हणजे ते बारा चुकीचे नसतात. आज संध्याकाळी सामना लावला तर तेच जिंकतील. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं शिबिर आजच्या संध्याकाळसाठी भरत नाही. दोन वर्षांनी जिल्ह्याच्या संघात कोण उभं राहील, हे तिथं शोधायचं असतं. आज कोण जिंकवतो ते डोळ्यांना दिसतं. पुढं कोण वाढेल ते मोजावं लागतं, लिहून ठेवावं लागतं, आणि बऱ्याचदा चढाई चालू असते त्याच्या उलट्या बाजूला बघत बसावं लागतं.

आधी जन्मतारीख

नाव नोंदवताना यादी गावानुसार लावायची पद्धत आहे. ती सोडा आणि यादी जन्मतारखेनुसार लावा. शालेय गटांची रेघ १ जानेवारीला पडते. एकाच सालातला जानेवारीचा मुलगा आणि डिसेंबरचा मुलगा कागदावर सारखे असले तरी त्यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर असतं, आणि ऐन वाढीच्या वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढतो. हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडात आइस हॉकी म्हणजे आपल्या कबड्डीसारखाच गल्लीतला खेळ. तिथं रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली कनिष्ठ गटातल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तर जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं वर्षाअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. तिथली रेघही १ जानेवारीचीच. लहानपणी थोडा मोठा दिसला म्हणून घेतला, घेतला म्हणून सराव जास्त मिळाला, सराव मिळाला म्हणून खरंच पुढे गेला. तेव्हा तुमची अंतिम यादी झाली की एकदा महिने मोजा. पहिल्या तिमाहीचे सात आणि शेवटच्या तिमाहीचा एकही नाही, असं निघालं तर निवड पंचांगाने केली असं समजा आणि काठावरची चार नावं पुन्हा बघा.

कागदावरच्या तारखेबद्दल एक गोष्ट. आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. आता जन्म नोंदणीचा दाखला असतो, पण तो दाखला, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर तीन तारखा असलेली मुलं अजून येतात. तिन्ही कागद मागा आणि जुनी नोंद धरा. क्रिकेटवाले डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. तालुक्याला ते जमणार नाही, आणि तोही शेवटी अंदाजच असतो. म्हणून कागद बरोबर असेल तर मैदानात उभं राहून ‘हा अठराचा आहे’ असं ओरडायचं नाही. त्यात एखादं खरोखर पंधराचं, लवकर वाढलेलं पोट्टं उगाच बदनाम होतं.

लवकर वाढलेला आणि उशिरा वाढणारा ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे आईबापाची उंची. मुलासाठी दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, त्यात १३ मिळवा, दोनानं भागा. मुलीसाठी १३ वजा करा. बाप १६८, आई १५५ असेल तर मुलाचा आकडा १६८ येतो, मुलीचा १५५. आठ-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतंच, तरी दिशा कळते. त्या घरचा चौदा वर्षांचा मुलगा आजच १६७ असेल तर त्याची उंची बहुतेक होत आली आहे. त्याच्या शेजारचा १५२ चा, ज्याच्या घरचा आकडा १७५ येतो, त्याचं अजून सगळं बाकी आहे. दोघं चढाईत सारखे ठरले तर दुसरा जास्त मोलाचा. फक्त बापाला आईची उंची विचारू नका. तो खांद्याला हात लावून ‘एवढी हाय’ म्हणतो. सोडायला आलेल्या माणसालाच भिंतीशी उभं करा.

ऐन वाढीतलं पोर आणखी एका गोष्टीत फसवतं. पाय लांबलेले असतात आणि त्यांचा हिशेब अजून डोक्यात बसलेला नसतो. गेल्या वर्षी चपळ असलेला यंदा अडखळतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला जिथं उंचवटा असतो तिथं दाबलं की ओरडतो. अशा मुलाच्या आकड्यांपुढे ‘वाढ चालू’ असं लिहा आणि त्याला उड्यांच्या चाचण्यांतून मोकळं करा. तो आळशी नाही. हे न कळल्यानं दरवर्षी चांगली मुलं गळतात.

वजन, भूक आणि रक्त

कबड्डीत वजनाची मर्यादा असते, म्हणून मुलं उपाशी येतात. काही तर आदल्या दिवसापासून पाणीही पीत नाहीत. शिबिराची सूचना पाठवतानाच लिहा की पहिल्या दिवशीच्या वजनावरून कोणालाही काढणार नाही. मग पहिल्या आणि तिसऱ्या सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन घ्या. ५० किलोच्या मुलाचं वजन तीन दिवसांत किलोभरापेक्षा जास्त हललं तर तो एकतर पहिल्या दिवशी सुकून आला होता किंवा शिबिरात पाणी कमी पीत होता; दोन्ही कारणांनी त्याचे आकडे कच्चे. काटा मॅटवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. किराणा दुकानातला काटाही चालतो. न फोडलेली सिमेंटची गोणी ठेवून बघा, ५० च्या आसपास दाखवला म्हणजे झालं. उंचीही सकाळीच, टाचा भिंतीला लावून. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर खचतो.

भुकेचं दुसरं कारण एसटी. लांबच्या गावचा मुलगा पहिल्या गाडीनं येतो, म्हणजे घरून पाचला निघालेला असतो आणि पोटात फार तर चहा-टोस्ट. त्याला आठ वाजता पळवून त्याची नोंद केलीत, तर त्याच्या गावाचं अंतर मोजलंत. शक्य असेल तर आदल्या रात्री शाळेत किंवा आश्रमशाळेत मुक्काम ठेवा, रात्री वरण-भात-भाकर, सकाळी साडेपाचला केळी आणि मूठभर फुटाणे. शक्य नसेल तर लांबच्यांच्या चाचण्या दुसऱ्या दिवशी घ्या. एवढं वेळापत्रक बदलायला काही पैसे पडत नाहीत.

शिबिर मेमधलं असेल तर साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच वेळ आहे असं धरा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, शिबिर लावूच नये. टिनाच्या शेडखाली मॅट टाकली म्हणजे सावली झाली, असंही समजू नका. दुपारी ती शेड भट्टी असते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत नाही. प्यायला साखर-मिठाचं पाणी ठेवा: एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. बादलीत ते पाणी करताना हेच प्रमाण लिटरच्या हिशेबानं वाढवा. मीठ अंदाजानं टाकायचं नाही.

आता विदर्भातल्या शिबिरवाल्यांना सगळ्यांत जास्त माहीत असायला हवी आणि सगळ्यांत कमी विचारली जाते ती गोष्ट: सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, यवतमाळ, भंडारा-गोंदिया, कुठलीही साठ मुलं घ्या, त्यात वाहक, म्हणजे आजार नसलेला पण त्याचा अंश रक्तात असलेला, असण्याची शक्यता धरूनच चला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून बऱ्याच मुलांकडे तपासणीचं कार्ड असतं. नावनोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ ठेवा आणि कार्ड खासगीत बघा, रांगेत सगळ्यांसमोर नाही. रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मैदानात उतरवायचं नाही. वाहक मुलगा खेळू शकतो, चांगला खेळू शकतो, आणि फक्त वाहक आहे म्हणून त्याला वगळणं हा अन्याय आहे. पण त्याला उन्हात सलग जीव तोडून पळवायचं नाही. त्याला दोन फेऱ्यांमध्ये हवी तेवढी विश्रांती द्या आणि पाणी त्याच्या हाताशी ठेवा. धोक्याची खूण गोळा येण्यासारखी वाटते, पण वेगळी असते. साधा गोळा आला की स्नायू दगडासारखा लागतो आणि पोर ओरडतं. इथं पाय नुसते गळतात, स्नायू मऊच असतो, पोर खाली बसतं आणि बोलत असतं. ‘उठ रे, नाटकं करू नको’ म्हणायची ही वेळ नव्हे. थांबवा, सावलीत घ्या, दवाखान्याची गाडी बोलवा.

चाचण्या थोडक्यात

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. म्हणजे अर्धं मैदान साडेसहा किंवा सहा मीटर. कबड्डीत शंभर मीटर कोणी पळत नाही, तरी प्रत्येक शिबिरात शंभर मीटर पळवतात, कारण ट्रॅक आखलेला असतो. त्याऐवजी मध्यरेषेपासून बोनस रेषेला पाय लावून परत, हे सहा वेळा, दर वीस सेकंदाला एक. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर असते, म्हणजे एक फेरी साडेनऊ मीटरची. पहिल्या दोनांची सरासरी ३.० सेकंद आणि शेवटच्या दोनांची ३.३ आली, तर घसरण दहा टक्के. वेग आणि घसरण असे दोन आकडे लिहा. ३.२ वर सुरू करून ३.३ वर संपवणारा मुलगा चाळीस मिनिटांच्या सामन्यात जास्त कामाचा असू शकतो.

वेळ हातातल्या स्टॉपवॉचनं घेतली तर अंगठ्याची चूक ०.२ सेकंदांपर्यंत जाते. तीन सेकंदांच्या फेरीत ती सगळा फरक गिळून टाकते. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बहुधा सेकंदाला २४० चित्रं येतात. मध्यरेषेच्या सरळ रेषेत, गुडघ्याच्या उंचीवर, दोन विटांच्या मध्ये फोन उभा करा आणि रात्री चित्रं मोजा.

उभ्यानं लांब उडी घ्या, तीनातली चांगली. वरून सोडलेली पट्टी बोटांत पकडायची चाचणी मजेसाठी ठेवा. पंधरा सेंटिमीटरवर पकडली म्हणजे ०.१७ सेकंद, वीसवर म्हणजे ०.२०, हे खरं. पण पट्टी पडताना बघणं आणि समोरच्याची हूल ओळखणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

चढाई बघताना

एका मुलाच्या तीन चढाया बघून मत बनवू नका. किमान दहा हव्यात. साठांतले तीस जण चढाईसाठी उतरले, प्रत्येकी दहा, एका चढाईला तयारीसकट ४५ सेकंद धरले, तर पावणेचार तास लागतात. दोन मैदानं असतील तर एका सकाळी उरकतं. पाच चढाया एका सात जणांविरुद्ध, पाच दुसऱ्या सात जणांविरुद्ध, आणि दोन्ही सातांमध्ये तगडे-कच्चे मिसळलेले. नाहीतर कोणाच्या वाट्याला कच्चं कुंपण येतं आणि तो दिवसाचा राजा होतो. आणि दहा चढायांनंतरही चार यशस्वी आणि पाच यशस्वी यात काही फरक मानू नका. दोन आणि सात यात मानायला हरकत नाही.

गुण लिहाच, पण त्याच्या बाजूला आणखी काही. ‘कबड्डी कबड्डी’चा उच्चार मध्यरेषा ओलांडायच्या आधी सुरू झाला का? गावच्या रात्रीच्या सामन्यांत पंच हे सोडून देतात, म्हणून पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटत आत शिरतात आणि जिल्ह्याला गेल्यावर पहिल्याच चढाईत गुण गमावतात. ही खोड महिन्याभरात जाते, त्यामुळे तिच्यावरून कोणाला काढू नका; फक्त लिहून ठेवा.

निदान रेषेचं मात्र वेगळं आहे. पुरुषांना ती पावणेचार मीटरवर, महिलांना तीनवर. गडी बाद करता आला नाही तर ती एकदा तरी ओलांडावी लागते, नाहीतर चढाई करणाराच बाद. कच्चं पोर रेषेजवळ आलं की खाली बघतं. खाली बघितलं की डोकं झुकतं, वजन पुढच्या पायावर जातं आणि कोपऱ्यातला गडी नेमका त्याच पायावर येतो. तपासायची युक्ती अशी: चार चढाया फक्की न मारलेल्या मैदानात घ्या, कडेला फक्त खुणेचे दगड. ज्याला अंतर पायांत कळतं तो तरीही रेषेपलीकडे जाऊन येतो. दोन वर्षं शिकवूनही काही जणांना हे येत नाही, म्हणून याला वजन द्या.

बोनस रेषेचा जादा गुण घेताना समोर सहा किंवा जास्त गडी हवेत, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा हवेत हवा. मातीवर खेळणाऱ्यांचा मागचा पाय घासत येतो आणि गावच्या पंचाला धुळीत ते दिसत नाही. कडेनं चित्रीकरण केलं तर रात्री दिसतं.

सगळ्यांत जास्त चढाया संपतात त्या परतताना. स्पर्श झाला, पोरगं खूश होऊन वळलं, पाठ दाखवली, आणि मागून कंबर धरली गेली. म्हणून खांदे बघा. चांगला चढाईपटू स्पर्शानंतरही दोन पावलं खांदा बचावाकडे ठेवून सरकतो, मग वळतो. घोटा धरला गेला तर तो उभं राहायची धडपड करतो की आडवा होऊन हात टाकतो? १६५ सेंटिमीटरचा मुलगा पालथा पडून हात लांबवतो तेव्हा साधारण दोन मीटर झाकतो. म्हणजे पकड झाली तेव्हा तो मध्यरेषेपासून दोन मीटरच्या आत होता का, यावर बहुतेक सगळं ठरतं. ताकदीचं कौतुक त्यानंतर. सलग सोडवून घेणारा दणकट पोरगा लोकांना फार आवडतो, पण तो सतत चुकीच्या जागी पकडला जातोय हे कोणी बघत नाही. पुढच्या वर्षी समोरचेही वाढतात आणि त्याची सुटका बंद होते.

डोकं चालतं का, याची एक चाचणी आहे. चढाई संपताच शिट्टी वाजवा, मुलाला बचावाकडे पाठ करून उभं करा आणि विचारा, “समोर किती गडी हायेत? डाव्या कोपऱ्यात कोण हाय?” पहिल्या दिवशी दहातले सात जण चाचपडतील. तीनच गडी समोर असताना अंगावर जाणाऱ्याला हे कळायला हवं, की तिथं पकड झाली तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण वर जातो. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारा. कोण मोजायला शिकला, हे त्या आकड्यात येतं, आणि दोन वर्षांनंतरचा खेळाडू शोधायला याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा सापडायचा नाही.

शेवटी, बाद होऊन परत जिवंत झाल्यावरची पहिली चढाई. तिला वेगळा रकाना ठेवा. काही मुलं त्यात रागानं घुसतात, काही निदान रेषेला पाय लावून पळून येतात. दोन्ही माणसाचा स्वभाव आहे आणि दोन्हीवर काम करता येतं, पण ज्याची ती चढाई आधीच्या चढायांसारखीच दिसते, त्याच्या नावाखाली रेघ ओढा.

बचाव, म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो

बचावाच्या नोंदी बहुतेक शिबिरांत ‘पकडी किती’ एवढ्यावर संपतात. सात जण उभे असतात, पकड एकजण करतो, आणि उरलेल्या सहांनी काय केलं ते कुठं लिहिलं जात नाही. एका निरीक्षकाला हेच काम द्या: चढाईपटूकडे बघायचंच नाही. फक्त ठरलेल्या दोन गड्यांकडे बघायचं, पाच चढाया सलग, मग पुढचे दोन.

त्यानं काय लिहायचं? चढाईपटू सरकला की हा गडी सोबत सरकतो का, की आपल्या जागेवर खुंटासारखा? साखळीतला असेल तर जोडीदाराचा हात ओढतो का, की त्याच्या हातानं ओढला जातो? साथीदारानं उडी मारली की याचं पाऊल केव्हा निघतं? गुण द्यायचे तर एक ते पाचच द्या, आणि आकड्याचा अर्थ आधी कागदावर लिहा. पकड होऊन गेली तरी जागेवर, तो एक. पकड सुटल्यावर मदतीला पोचला, तो तीन. साथीदाराचा हात पडायच्या आत याचं पाऊल निघालेलं, तो पाच. दहापैकी गुण देऊ नका. सहा आणि सातमधला फरक देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोपऱ्यातल्या गड्याचं मुख्य हत्यार घोटा, आणि मुख्य चूक घाई. चढाईपटूचं वजन दुसऱ्या पायावर असताना हा झेपावला की हातात हवा येते. वजन येऊन तो पाय वळायला लागला की धरायचा. हे शिकवता येतं. शिकवून लवकर न येणारी गोष्ट म्हणजे थांबणं: तीन हुलकावण्यांना न भुलता चौथ्याला जाणारा गडी चौदाव्या वर्षी क्वचित सापडतो. दहा चढायांत त्यानं किती वेळा उगाच उडी मारली, हे मोजा. शून्य उड्या मारणाराही बघा, कारण तो कदाचित घाबरलेला असेल. त्याच्याकडे मुद्दाम हळू चढाईपटू पाठवून ते तपासता येतं.

डोकं खाली घालून पकड करणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा. गुडघा कपाळाला किंवा मानेला बसतो. बोटं फाकवून घोटा धरणाऱ्यांची बोटं निखळतात. अंगठा बाकी बोटांना चिकटवून, हाताची कढई करून धरायला सांगा. बनियन ओढणं, पायांची कैची घालणं हे गावात ‘जिगर’ म्हणून खपतं, नियमात नाही. कोणी शिकवलं म्हणून करतो की बुद्ध्या करतो, ते एकदा सांगून बघितलं की कळतं.

मुलींच्या शिबिरात बचाव बहुतेक वेळा चढाईपेक्षा सरस असतो, आणि तरी निवड करणारे चढाईवाल्या मुलीच आधी उचलतात. का, ते त्यांनाच विचारा. तिथं सोबत एखादी बाई शिक्षिका, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि सॅनिटरी पॅड एवढं नसेल, तर अर्ध्या मुली पूर्ण ताकदीनं खेळणारच नाहीत आणि तुम्ही जे मोजाल ते त्यांचं अवघडलेपण असेल.

माती आणि मॅट

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं होतं. खेळ आपल्याकडे तेवढा जुना, पण मॅट गावांत आता-आता आली. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून गावची मैदानं मुरूम टाकून, वर बारीक माती दाबून केलेली. तिथं पाय थोडा घसरून थांबतो. मॅटवर बूट जागीच चिकटतो, शरीर पुढे जातं आणि घोटा किंवा गुडघा वळतो. मॅटवर कधीच न खेळलेल्या मुलांना पहिल्या दिवशी तासभर नुसतं थांबणं-वळणं करू द्या, कागद बंद. मॅट कुठं सुटली आहे का, कडा वर आली आहे का, ते रोज सकाळी अनवाणी चालून बघा. उसने बूट घालून आलेल्या मुलाचे बूट आधी तपासा. एक नंबर मोठा बूट असेल तर मॅटवरची चाचणी रद्द, मातीवर घ्या.

कागद आणि निकाल

नावांऐवजी आकडे. छातीवरचा कागदी आकडा पहिल्याच पकडीत फाटतो, म्हणून मार्करनं दोन्ही पोटऱ्यांवर लिहा. ढिगाऱ्यात पायच वर दिसतात. घामानं पुसट होतो, मधल्या सुट्टीत पुन्हा गिरवा. दोन निरीक्षक लांब बसवा, दिवस संपेपर्यंत एकमेकांशी बोलू नयेत. दोघांच्या आकड्यांत दोनचा फरक पडला तर तिसऱ्यानं व्हिडिओ बघायचा. कोणत्याही निरीक्षकाकडे त्याच्या शाळेची मुलं द्यायची नाहीत. शाळेचे सर, सरपंच, कुणाचे काका, हे सगळे मैदानाच्या ज्या बाजूला ऊन येतं त्या बाजूला बसवा. लवकर निघून जातात.

निकालाची यादी माईकवर वाचू नका. अठ्ठेचाळीस मुलं आणि त्यांना न्यायला आलेले बाप समोर असतात. प्रत्येकाला दोन मिनिटं बाजूला बोलवा आणि हातात चिठ्ठी द्या: उंची, वजन, फेरीचा वेग, घसरण, आणि करायची दोन कामं. ‘मेहनत कर’ हे काम नाही. ‘परतताना उजवा खांदा आत ठेव, रोज वीस वेळा, भिंतीशी’ हे काम आहे. बारा खेळाडू, चार राखीव, आणि तिसरी एक यादी, ज्यात उशिरा वाढणारे, ‘वाढ चालू’ वाले आणि तिसऱ्या दिवशी गडी मोजायला शिकलेले येतात. या तिसऱ्या यादीतल्या मुलांच्या घरचा फोन नंबर दोन ठिकाणी लिहा. रिचार्ज संपला की नंबर बदलतात, म्हणून एक शेजाऱ्याचाही घ्या.

त्यांची उंची आणि फेरी सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची. मेपासून सहा महिने मोजले की नोव्हेंबर येतो. तेव्हा सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, कापूस वेचणीला माणूस मिळत नाही आणि अर्धी पोरं शेतात असतात. बोलावलंत तर येणार नाहीत, आणि आलेच तर वाकून वाकून कंबर गेलेली असेल. संक्रांतीनंतरचा रविवार धरा.